छाया वाचण्याची विद्या

मंगळवेढ्यात हाडांविषयी बोलावयाचे म्हटले की चोखोबांचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि तिच्याखाली राबणारी माणसे गाडली गेली. त्यांत चोखोबा होते. हा प्रसंग इ. स. १३३८ मधला मानतात. पुढे नामदेव महाराज येथे आले आणि ढिगाऱ्यातल्या हाडांतून त्यांनी चोखोबांची हाडे ओळखली. ज्या हाडांतून विठ्ठलनामाचा ध्वनी येत होता ती चोखोबांची, असे परंपरा सांगते. ती हाडे पंढरपुरास नेऊन महाद्वारापाशी समाधी बांधण्यात आली. ही श्रद्धेची गोष्ट आहे आणि तिला विज्ञानाच्या तराजूत घालण्याचे मला कारण नाही. मला तिच्यातला एकच धागा आज हवा आहे. हाडे सर्वांच्याच दृष्टीस पडली होती. ओळखली मात्र एकाने. पाहणे निराळे आणि ओळखणे निराळे. ओळखणाऱ्याची आधी तयारी व्हावी लागते, आणि ज्याची ती हाडे त्याच्याविषयी जिव्हाळाही असावा लागतो.

आजचा विषय वरवर पाहता फार लहान आहे. वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्याला अभ्यासक्रमात काही आठवडे स्वतःच्या आवडीच्या विभागात काम करण्यासाठी दिले जातात. त्या ऐच्छिक काळात काही विद्यार्थी क्ष-किरण विभागाची निवड करतात. हा तर महाविद्यालयाच्या वेळापत्रकातला प्रश्न. त्याच्याशी मंगळवेढ्याच्या नागरिकाला काय कर्तव्य, असे कोणी विचारील. माझे म्हणणे असे की, या प्रश्नाशी मुंबई-पुण्याच्या नागरिकापेक्षा आपल्यालाच अधिक कर्तव्य आहे. ते कसे, हे सांगण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागेल.

जर्मनीतील वुर्त्सबर्ग येथे ८ नोव्हेंबर १८९५ रोजी विल्हेल्म रॉन्टगेन हा पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक आपल्या अंधाऱ्या प्रयोगशाळेत काम करीत होता. काचेच्या नळीतून वीज जात होती आणि ती नळी काळ्या कागदात पूर्णपणे गुंडाळलेली होती. तरीही काही अंतरावरचा रासायनिक लेप दिलेला पडदा चमकू लागला. कागद, लाकूड, मांस यांतून आरपार जाणारे काहीतरी त्या नळीतून निघत होते. ते काय आहे हे ठाऊक नसल्यामुळे गणितातील अज्ञात राशीचे अक्षर त्याने त्या किरणांना दिले. आपल्याकडे बीजगणितात अज्ञात राशीला ‘क्ष’ म्हणतात; म्हणून मराठीत ते ‘क्ष-किरण’ झाले. नामकरण इतके नेमके झाले की किरणांचे स्वरूप कळल्यावरही नाव तेच राहिले. डिसेंबरात त्याने आपल्या पत्नीच्या हाताची छाया काचेवर उतरविली. बोटांची हाडे आणि बोटातली अंगठी त्या चित्रात स्पष्ट दिसत होती. १९०१ साली पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक त्याला मिळाले. या शोधाचे एकस्व घेण्यास त्याने नकार दिला, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ही विद्या जन्मतः सर्वांची होती.

परंतु ती शिकवणार कोण? शोध लागला तेव्हा जगात एकही क्ष-किरणतज्ज्ञ नव्हता. जे शिकले ते स्वतःच्या अंगावर प्रयोग करून शिकले. इंग्लंडात बर्मिंगहॅम येथे डॉक्टर जॉन हॉल-एडवर्ड्‌स यांनी १८९६ च्या जानेवारीतच हातात रुतलेल्या सुईचे चित्र घेतले. पुढे या किरणांनी त्यांचीच कातडी जळत गेली आणि १९०८ साली त्यांचा डावा हात कापावा लागला. यंत्र चांगले चालते आहे किंवा नाही हे पाहण्यासाठी त्या काळचे लोक स्वतःचाच हात किरणांपुढे धरीत. गुरू नसलेल्या विद्येचे शुल्क असे चुकवावे लागले.

हिंदुस्थानात ही विद्या फार लवकर आली, पण आली ती युद्धाच्या मागोमाग. १८९७-९८ साली वायव्य सरहद्दीवर तिराहची मोहीम झाली. तीत सर्जन-मेजर बीव्हर यांनी रणक्षेत्रावरच क्ष-किरणांचे यंत्र वापरून जखमी सैनिकांच्या शरीरातील गोळ्या शोधल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी देहरादूनला क्ष-किरणांचे शिक्षण देणारी संस्था निघाली. पहिल्या महायुद्धात मादाम क्यूरी यांनी मोटारींवर यंत्रे चढवून ती आघाडीवर नेली. अशा सुमारे २० गाड्या आणि सुमारे २०० कायमची केंद्रे त्यांनी उभी केली. पण यंत्रापेक्षा त्यांना चणचण भासली ती माणसांची. तेव्हा त्यांनी पॅरिसला वर्ग काढून सुमारे १५० स्त्रियांना हे काम शिकविले. शरीररचना, वीज आणि छायाचित्रण यांचे आवश्यक तेवढे ज्ञान द्यावयाचे आणि कामाला पाठवावयाचे, अशी ती पद्धत होती. थोड्या आठवड्यांत माणूस तज्ज्ञ होत नाही. पण तेवढ्यात तो उपयोगी पडेल इतका तयार होऊ शकतो, हे त्या वर्गांनी दाखवून दिले. आजच्या आपल्या विषयाचे मूळ मला तेथे दिसते.

आता आपल्या मुलखाकडे वळू. मंगळवेढे हा सांगली संस्थानाचा एक तालुका होता. संस्थानची राजधानी दूर आणि मध्ये परका मुलूख, अशी आपली स्थिती. तरी राजदरबारच्या कामाला सांगलीस जाणाऱ्या माणसाला शेजारचे मिरज माहीत होते, आणि मिरजेला डॉक्टर विल्यम वॉनलेस यांचे रुग्णालय होते. हे मिशनरी शल्यवैद्य १८८९ साली हिंदुस्थानात आले. १८९४ मध्ये त्यांनी मिरजेला रुग्णालय उघडले आणि त्याच्या जोडीने वैद्यकाचे शिक्षणही सुरू केले. त्यांच्या नावाने वॉनलेसवाडी अजून ओळखली जाते, आणि तेथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे राहिले. १९२७ साली बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद रूळमार्ग पंढरपुराहून मिरजेपर्यंत पोहोचला. तेव्हा या भागातील रोग्याची वाट ठरून गेली. बैलगाडीने पंढरपूर आणि तेथून छोट्या गाडीने मिरज. वारीची वाट पंढरपुरास संपते. दुखण्याची वाट तेथून पुढे जात असे.

१९४८ मध्ये संस्थाने विलीन झाली आणि त्यानंतर मंगळवेढे सोलापूर जिल्ह्यात आले. १९६२ साली मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि १९६३ साली सोलापुरास डॉक्टर वैशंपायन यांच्या स्मरणार्थ वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. एका वर्षाच्या अंतराने आपल्या दोन्ही अंगांना वैद्यकाची दोन महाविद्यालये आली. १८४५ सालच्या मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजापासून एकशे अठरा वर्षांनी ही विद्या आमच्या जिल्ह्याच्या गावी आली, असा हिशेब करता येईल. उशीर झाला खरा. परंतु शिकणारा विद्यार्थी आता मोटारीने दीड-दोन तासांच्या टप्प्यात आहे, ही गोष्ट लहान नव्हे.

याच सुमारास क्ष-किरणांनी आपल्या देशाला एक कठोर सत्य सांगितले. क्षय हा गिरण्यांच्या चाळींतला, शहरातल्या कोंदट हवेतला रोग आहे आणि खेड्यातल्या मोकळ्या हवेत तो फारसा नसतो, असा समज होता. १९५५ ते १९५८ या काळात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशात क्षयाची पाहणी केली. छातीची लहान आकाराची क्ष-किरणचित्रे मोठ्या संख्येने झटपट घेण्याची पद्धत तोवर निघाली होती. ती यंत्रे गाड्यांवर घालून खेडोपाडी नेण्यात आली. निष्कर्ष असा निघाला की, क्षयाचे प्रमाण खेड्यांत आणि शहरांत जवळजवळ सारखेच आहे. मोकळ्या हवेचा भरवसा खोटा ठरला. रोग खेड्यात होता, डॉक्टर शहरात होते.

त्या पाहणीने आणखी एक धडा दिला आणि तो विद्यार्थ्याने विशेष ध्यानात घ्यावा. फुप्फुसावर डाग दिसला म्हणजे क्षय सिद्ध झाला असे नाही. जुना बरा झालेला व्रण, न्यूमोनिया, कर्करोग, यांपैकी काहीही तशीच छाया पाडू शकते. एकाच चित्राविषयी दोन तज्ज्ञांचे मत निराळे पडते. इतकेच काय, तोच तज्ज्ञ काही दिवसांनी तेच चित्र पाहून निराळे मत देतो. म्हणून १९६२ सालापासून राबविलेल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात थुंकीच्या तपासणीला मानाचे स्थान मिळाले. क्ष-किरण संशय दाखवितो, पुरावा दुसरीकडून आणावा लागतो. छायेला मर्यादा आहे हे ओळखणे, हा छाया वाचण्याच्या विद्येचा पहिला पाठ होय.

इकडे ही विद्या स्वतःच एक मोठे शास्त्र बनत होती. मद्रासला १९३४ मध्ये बर्नार्ड यांच्या नावाने क्ष-किरणशास्त्राची संस्था उघडली. मुंबईला १९४१ मध्ये टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले आणि कर्करोगावर किरणोपचार होऊ लागले. १९५८ साली ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी ध्वनिलहरींनी पोटातील गर्भ दाखविला. १९७१ मध्ये इंग्लंडात हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने जिवंत माणसाच्या मेंदूचे थराथराने चित्र घेतले. त्यालाच आपण सी. टी. स्कॅन म्हणतो. त्याच वर्षी रामचंद्रन आणि लक्ष्मीनारायणन या आपल्या दोन शास्त्रज्ञांनी अशा छायांवरून मूळ आकृती पुन्हा उभी करण्याची सोपी गणिती रीत प्रसिद्ध केली, ही अभिमानाची गोष्ट आहे. पुढे चुंबकीय पद्धतीची भर पडली. विद्या वाढली तसा तज्ज्ञ निराळा झाला, त्याचा विभाग निराळा झाला, आणि सामान्य विद्यार्थी त्या खोलीच्या दाराबाहेर राहिला.

एम. बी. बी. एस. च्या अभ्यासक्रमात क्ष-किरणनिदानाची स्वतंत्र परीक्षा नाही. विद्यार्थ्याला या विभागात काम करण्यास मिळतात ते सुमारे दोन आठवडे. ज्या विषयाची परीक्षा नाही त्याकडे विद्यार्थ्याचे लक्ष किती असते, हे येथे बसलेल्या शिक्षकांना मी सांगावयास नको! १९९७ च्या नियमांत अंतर्वासितेच्या वर्षात पंधरा दिवस ऐच्छिक ठेवले होते आणि त्या निवडीत हा विभाग होता. २०१९ साली नवा अभ्यासक्रम आला. त्यात शेवटच्या वर्षाला लागण्यापूर्वी विद्यार्थ्याला दोन महिने ऐच्छिक शिक्षणासाठी दिले गेले. एक महिना मूलभूत शास्त्रासाठी किंवा संशोधनासाठी आणि एक महिना प्रत्यक्ष रुग्णविभागासाठी. हजेरी हवी, रोजच्या कामाची नोंदवही हवी, पण विषय ज्याचा त्याने निवडावा. पुढे हा काळ कमी करण्यात आला. तरी तत्त्व राहिले, आणि ते मोलाचे आहे.

आता खरा प्रश्न. हे थोडे आठवडे क्ष-किरण विभागात कोणी घालवावेत? साधारण उत्तर असे मिळते की, ज्याला पुढे क्ष-किरणतज्ज्ञ व्हावयाचे आहे त्याने. पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळी या विषयाच्या जागा अगदी आरंभी भरतात, तेव्हा हुशार विद्यार्थ्यांची ओढ तिकडे असणे स्वाभाविक आहे. त्यांना मी नावे ठेवीत नाही. पण माझे म्हणणे याच्या उलट आहे. जो तज्ज्ञ होणार आहे त्याला पुढे ही विद्या शिकण्यासाठी तीन वर्षे मिळणारच आहेत. जो कधीच क्ष-किरणतज्ज्ञ होणार नाही, जो सामान्य डॉक्टर म्हणून तालुक्याच्या गावी बसणार आहे, त्याला हे आठवडे पुन्हा आयुष्यात मिळणार नाहीत. म्हणून ते त्यानेच निवडावेत.

कल्पना करा. सुगीचे दिवस आहेत. कडब्याने भरलेल्या गाडीवरून एक माणूस खाली पडला आणि त्याचे मनगट सुजले. त्याला ग्रामीण रुग्णालयात आणले. तंत्रज्ञाने क्ष-किरणचित्र काढून दिले. रात्री आठ वाजता ते चित्र हातात घेऊन उभा असतो तो एक तरुण डॉक्टर. क्ष-किरणतज्ज्ञ त्या वेळी तेथे असतोच असे नाही. अंगठ्याच्या मुळाशी एक नावेच्या आकाराचे लहान हाड असते. त्याची चीर पहिल्या दिवशी चित्रात पुष्कळदा दिसत नाही. दहा-बारा दिवसांनी दिसते. हे ज्याने कोणाच्या तरी शेजारी उभे राहून एकदा पाहिले आहे, तो म्हणेल, ‘चित्र चांगले दिसते, पण दुखते येथेच. पट्टी बांधतो, दोन आठवड्यांनी पुन्हा या.’ ज्याने पाहिले नाही तो म्हणेल, ‘काही झालेले नाही, जा.’ आणि त्या शेतकऱ्याचा हात जन्माचा अधू होईल. चूक यंत्राची नसते आणि चित्राचीही नसते.

मग त्या अंधाऱ्या खोलीत विद्यार्थी शिकतो तरी काय? प्रथम तो शिकतो की हे चित्र म्हणजे छाया आहे. लहानपणी कंदिलापुढे हात धरून आपण भिंतीवर हरणे आणि कुत्री नाचविली. हात दिव्याजवळ नेला की छाया मोठी होते, आडवा धरला की बारीक दिसते. येथेही तेच. म्हणून एक चित्र समोरून आणि एक बाजूने घ्यावे लागते. एकाच चित्रावर भरवसा ठेवणारा फसतो. हाडातील चुना किरणांना अडवितो, म्हणून हाड पांढरे दिसते. फुप्फुसातील हवा अडवीत नाही, म्हणून फुप्फुस काळे दिसते. लहान मुलाच्या हाडाच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते. ती चित्रात भेगेसारखी दिसते आणि नवशिक्याला हाड मोडले असे वाटते. अशा वेळी शंका असल्यास दुसऱ्या बाजूचे चित्र ताडून पाहावे. छातीच्या चित्रात गळ्याच्या हाडामागे लपलेला डाग सहज निसटतो, म्हणून तेथे मुद्दाम पाहावे. ही सूत्रे पुस्तकांत आहेतच. परंतु पुस्तकातील चित्रावर बाण काढलेला असतो. रोग्याच्या चित्रावर तो नसतो. बाण कोठे काढावयाचा हे गुरूच्या शेजारी उभे राहूनच कळते.

दुसरे, तो नको म्हणावयास शिकतो. पोटाच्या एका सी. टी. स्कॅनमध्ये छातीच्या शेकडो क्ष-किरणचित्रांइतके किरण शरीरात जातात. या तपासणीने उपचारात काही फरक पडणार आहे काय, हा प्रश्न विचारल्यावाचून चिठ्ठी लिहू नये. रोगी तपासणी मागतो, नातेवाईक आग्रह करतात, आणि खर्चासाठी कोणाचे तरी जनावर बाजारात जाते. हॉल-एडवर्ड्‌स यांचा हात गेला त्यापासून जगाने धडा घेतला. आपल्याकडे १९८३ मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले आणि किरणांच्या वापरावर नियम आले. पण नियम यंत्राला बांधतात. चिठ्ठी लिहिणाऱ्या हाताला विवेकच बांधतो.

तिसरे तर आपल्या महाराष्ट्रात टाळताच येणार नाही. डोनाल्ड यांची ध्वनिलहरींची विद्या आई आणि बाळ यांच्या रक्षणासाठी जन्मली. आपण तिने गर्भातली मुलगी शोधून मारण्याचे काम केले. याविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला आणि १९९४ मध्ये देशाचा कायदा आला. तरीही २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे ९०० मुलीही भरल्या नाहीत. साताऱ्याच्या वर्षा देशपांडे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी अशा डॉक्टरांना न्यायालयात खेचले. या विभागात पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्याने पहिल्याच दिवशी हा इतिहास ऐकला पाहिजे. त्या पडद्यावर काय पाहावे याइतकेच काय सांगू नये, हेही त्याला शिकवावयाचे आहे. आणि श्रोते हो, ती विचारणा करणारे आपल्याच घरांतून जातात. हा धडा केवळ विद्यार्थ्यांचा नव्हे.

आता कोणी म्हणेल की हे सारे यंत्रच करील. छातीच्या चित्रातील क्षयाची शंका संगणकाने ओळखावी, यास जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली पंधरा वर्षांवरील व्यक्तींपुरती मान्यता दिली आहे. जेथे चित्र वाचणारा माणूसच नाही तेथे हे साहाय्य मोठेच आहे. त्याचे स्वागत करावे. परंतु यंत्र चित्र पाहते, रोग्याला पाहत नाही. त्याचे कोठे दुखते, तो कशावरून पडला, घरात कोणाला खोकला आहे, हे त्याला कोणीतरी विचारावे लागते. यंत्राने चूक केली तर ती चूक आहे हे ओळखणाराही कोणी असावा लागतो. न शिकलेल्याच्या हाती संगणक दिला तर एका अज्ञाताच्या जागी दोन अज्ञाते होतात, आणि असे समीकरण सुटत नाही हे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे.

शेवटी आपल्या हातात काय आहे? २०१९ च्या अभ्यासक्रमाने ऐच्छिक काळ ग्रामीण वा नागरी आरोग्यकेंद्रात घालविण्याचीही मुभा ठेवली होती. तेव्हा मुलांनी काही दिवस महाविद्यालयातील क्ष-किरण विभागात शिकावे आणि काही दिवस तालुक्याच्या रुग्णालयात येऊन तीच विद्या, तज्ज्ञ शेजारी नसताना, कशी वापरावी लागते ते पाहावे. सोलापूर आणि मिरज येथील महाविद्यालयांना अशी विनंती गावातर्फे करता येईल. विद्यार्थी येथे येईल तर राहील कोठे आणि जेवील कोठे, असा प्रश्न निघेल. दामाजीपंतांच्या गावाला हा प्रश्न पडू नये! ज्वारीचे कोठार म्हणून आपली ख्याती; २०१६ मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळाले. चार विद्यार्थ्यांना महिनाभर भाकरी देणे या गावाला जड नाही. त्या भाकरीच्या मोबदल्यात उद्या रात्री आठ वाजता आपल्या माणसाचे चित्र हातात धरणारा डॉक्टर जर ते ओळखू शकला, तर या व्यवहारात आपण खोटीत नाही.

ही विनंती आपण यंदाच करावी, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.